‘द ग्रीन नाइट’चा शेवट, आणि मध्ययुगीन कथांवरचे सिनेमे कसे पाहावेत

तुमच्या प्रश्नात तीन-चार प्रश्न एकत्र आले आहेत, ते आधी सुटे करते. ‘द ग्रीन नाइट’ (नाइट म्हणजे मध्ययुगीन युरोपातला चिलखतधारी सरदार) पाहिलात, पण शेवटी त्याचा नायक गवेन याचं मुंडकं उडालं की नाही हेच कळलं नाही. मग मूळ काव्याचा सारांश वाचलात, तेव्हा सिनेमाने चांगली गोष्ट बिघडवली असं वाटलं. आता ब्रिटनच्या दंतकथांतला आर्थर राजा आणि त्या काळच्या कथांवरचे आणखी सिनेमे पाहायचे आहेत, तर आधी वाचावं की सरळ पाहावं, क्रम कोणता धरावा, आणि यातला खरा आर्थर कुठला? शिवाय तेरा वर्षांच्या मुलीला यातलं काय दाखवता येईल?

मी बरीच वर्षं फिल्म सोसायटीत सिनेमे दाखवते आणि नंतरच्या चर्चा घेते. या प्रकारच्या सिनेमांनंतर हीच तक्रार नेहमी येते: ‘सुंदर होता, पण झालं काय?’ माझ्या मते अडचण वाचनाच्या कमतरतेची नाही. आपण हे सिनेमे रहस्यकथेसारखे पाहायला बसतो. पुढे काय होणार, कोण जिंकणार, शेवटी धक्का कोणता, याची वाट पाहतो. पण या कथा मुळात अशा लोकांना सांगितल्या जायच्या, ज्यांना त्या बऱ्याचशा ठाऊक असत. कीर्तनात बुवांनी उत्तररंगाला रुक्मिणी स्वयंवर लावलं, तर शेवट माहीत आहे म्हणून कुणी उठून जात नाही. आजचे बुवा कुठे थांबतात, कुणाच्या तोंडी काय घालतात, काय गाळतात, त्यासाठी लोक बसतात. बाराव्या-तेराव्या शतकातल्या फ्रेंच दरबारातही ऐकणाऱ्याला आर्थर, गवेन, राणी ग्विनेव्हीर ही मंडळी ओळखीची होती. दिग्दर्शक या कथेला हात घालतो तेव्हा तोही तेच गृहीत धरतो. आपल्याला मात्र ती ओळख नसते, म्हणून आपण अडतो.

म्हणून माझी पद्धत सांगते. पडदा उजळण्याआधी मी पूर्ण गोष्ट सांगते, शेवटासकट. काही जण नाराज होतात. पण ज्यांनी गोष्ट आधी ऐकलेली असते, त्यांचे प्रश्न नंतर बदललेले असतात. ‘काय झालं?’ ऐवजी ‘असं का केलं?’ विचारलं जातं. या सिनेमांत पाहण्यासारखं जे असतं, ते बहुतेक या दुसऱ्या प्रश्नात असतं.

तुमच्याच सिनेमावर हे करून पाहू. ‘सर गवेन आणि हिरवा नाइट’ हे चौदाव्या शतकाच्या अखेरीचं इंग्रजी काव्य आहे, २,५३० ओळींचं. कवीचं नाव माहीत नाही. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. ती ज्या संग्रहात होती त्याला १७३१ मध्ये लंडनमध्ये आग लागली होती, तीतून ती वाचली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

गोष्ट अशी. नववर्षाच्या मेजवानीत अंगापासून घोड्यापर्यंत हिरवागार असा एक दांडगा नाइट आर्थरच्या दरबारात येतो. म्हणतो, माझ्या कुऱ्हाडीने माझ्यावर एक घाव घाला, बरोबर एक वर्षाने तोच घाव मी परत करीन. आर्थरचा भाचा गवेन पुढे होतो आणि त्याचं मुंडकं उडवतो. नाइट ते मुंडकं उचलतो, मुंडकं बोलतं, आणि तो निघून जातो. वर्ष सरत आल्यावर गवेन शब्द पाळायला निघतो. वाटेत एका गढीचा धनी त्याला ठेवून घेतो आणि एक सौदा करतो: मी दिवसभर शिकारीत जे मिळवीन ते तुला, तू घरी बसून जे मिळवशील ते मला. तीन दिवस धनी शिकारीला जातो आणि इकडे त्याची बायको गवेनला मोहात पाडायचा प्रयत्न करते. पहिल्या दिवशी हरणं, दुसऱ्या दिवशी रानडुक्कर, तिसऱ्या दिवशी कोल्हा. गवेन तिच्याकडून फक्त चुंबनं घेतो आणि संध्याकाळी ती इमानाने धन्याला परत देतो. पण तिसऱ्या दिवशी ती त्याला हिरवा कमरपट्टा देते. तो बांधला तर कुणी मारू शकणार नाही, असं सांगते. तो पट्टा गवेन लपवतो.

ठरलेल्या जागी, हिरव्या चॅपेलपाशी (चॅपेल म्हणजे छोटं प्रार्थनाघर), हिरवा नाइट तीनदा कुऱ्हाड उचलतो. दोन वेळा हूल देतो, तिसऱ्या घावाने मानेला फक्त ओरखडा काढतो. तो ओरखडा त्या लपवलेल्या पट्ट्याचा. गढीचा धनी तोच हिरवा नाइट, आणि हा सगळा खेळ मॉर्गन ल फे या जादूगारणीने मांडलेला. नाइट हसून गवेनला माफ करतो, कारण पट्टा त्याने लोभाने नव्हे, जीव प्यारा म्हणून घेतला. गवेनला मात्र लाज सोसवत नाही. तो परत येऊन सगळ्यांसमोर कबुली देतो. दरबार हसतो, त्याला जवळ घेतो आणि ठरवतो की यापुढे सगळ्यांनीच तसा हिरवा पट्टा घालायचा.

आता डेव्हिड लॉरी यांचा २०२१ चा सिनेमा कुठे वळतो ते पाहा. पहिलं वळण अगदी सुरुवातीला. काव्यातला गवेन हा सभ्यपणाचा नमुना, नावाजलेला नाइट आहे. त्याच्या ढालीवरच्या पंचकोनी ताऱ्याचा अर्थ सांगायला कवी कितीतरी ओळी खर्च करतो. देव पटेलने उभा केलेला गवेन अजून नाइट झालेलाच नाही. तो दारू पिऊन पडतो, आणि राजा त्याला स्वतःची एखादी गोष्ट सांगायला सांगतो तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. त्याची ढाल वाटेतले लुटारू फोडून टाकतात. म्हणजे कवीचा प्रश्न होता, निष्कलंक माणूस स्वतःचा छोटासा डाग कसा सोसतो. लॉरीचा प्रश्न आहे, काहीच नसलेला माणूस सचोटीपर्यंत पोचतो का.

दुसरं वळण आईचं. सिनेमात हिरव्या नाइटला बोलावण्याचा विधी गवेनची आई करते. सरिता चौधरीने ती भूमिका केली आहे. हिरवा पट्टाही पहिल्यांदा तीच देते. मूळ गोष्टीतली मॉर्गन ल फे गवेनची मावशी आहे. तिला आई केल्याने मत्सराच्या कारस्थानाचं रूपांतर मुलाला मोठं करण्याच्या धडपडीत होतं. तो पट्टा म्हणजे आईचं संरक्षण, आणि तो सोडल्याशिवाय मुलगा पुरुष होत नाही. हे एकदा ध्यानात आलं की शेवट आपोआप उलगडतो.

चॅपेलमध्ये आपण पाहतो की गवेन पळून जातो, राजा होतो, जिच्यावर प्रेम केलं तिच्याकडून मूल हिरावून घेऊन तिला टाकतो, लढाईत मुलगा गमावतो, शत्रू दाराशी येतात, आणि शेवटी तो पट्टा काढतो तसं मुंडकं खाली पडतं. हे सगळं त्याला कुऱ्हाडीखाली वाकलेला असताना दिसलेलं भविष्य आहे. मग तो चॅपेलमध्ये पट्टा खरोखर काढून ठेवतो आणि तयार आहे म्हणतो. हिरवा नाइट कौतुकाने एक शेवटचं वाक्य बोलतो आणि सिनेमा थांबतो. मुंडकं उडतं की नाही हे दिग्दर्शकाने मोकळं ठेवलं आहे, कारण त्याच्या गोष्टीतला निर्णय पट्टा काढताना झालेला आहे. काव्यात गवेन पट्टा घालून घाव घेतो आणि नंतर शरमतो. इथे तो पट्टा काढतो. तुम्ही घावाची वाट पाहत होता, म्हणून तो क्षण हातातून निसटला.

तिसरं वळण प्रवासाचं. काव्यात गवेन अजगरांशी, लांडग्यांशी, रानमाणसांशी, अस्वलांशी आणि राक्षसांशी लढला हे सगळं जेमतेम पाच-सहा ओळींत येतं. वर कवी सांगतो की लढाया एवढ्या नडल्या नाहीत, जेवढा हिवाळा नडला. सिनेमा या ओळींच्या फटीत शिरतो. धुक्यातून चालणारे ते महाकाय लोक तिथूनच आले आहेत. आपलं मुंडकं तळ्यातून काढून मागणारी ती मुलगी म्हणजे संत विनिफ्रेड. उत्तर वेल्समधल्या होलीवेल इथे तिचा झरा आहे, आणि तिच्या कथेतही शिरच्छेद होऊन ती पुन्हा जिवंत होते. काव्यातला गवेन त्याच मुलखातून जातो. शिरच्छेदाच्या गोष्टीत शिरच्छेदाचीच दुसरी गोष्ट गुंफणं हे मला या सिनेमातलं सर्वांत हुशारीचं काम वाटतं.

गमावलं काय, तेही सांगते. काव्यातली ऊब गेली. मेजवान्या, थट्टा, शिकारीची धमाल, धन्याचं खळखळून हसणं, आणि शेवटी दरबाराने त्या लाजेलाच बिरुद करणं, हे सगळं त्या धुक्यात विरलं. शिकारीचे तीन दिवस आणि मोहाचे तीन प्रसंग यांची एकमेकांना समांतर वीण हा काव्याचा कणा आहे. सिनेमात तिचा मागमूस उरतो. तुम्हाला हे खटकलं असेल तर ते खटकणं बरोबर आहे. पण ‘बिघडवली’ म्हणण्याआधी लॉरीने त्या बदल्यात काय घेतलं तेही मोजायला हवं.

भारतीय वंशाचा देव पटेल गवेन कसा, असंही आमच्याकडे कुणीतरी विचारतंच. मध्ययुगीन कथाकारांना यात एवढं नवल वाटलं नसतं. पंधराव्या शतकातल्या टॉमस मॅलरीच्या आर्थरवरच्या ग्रंथात पालोमिडीस हा सॅरासेन, म्हणजे मुस्लिम मुलखातला, नाइट आहे आणि जुन्या डच भाषेतल्या एका कथेचा नायक मोरियन हा मूर, म्हणजे काळ्या वर्णाचा, आहे.

आता ‘खरा’ आर्थर. असा एखादा सेनानी होऊन गेला का यावर वाद आहेत, पण आपण ज्याला ओळखतो तो आर्थर लेखकांनी थराथराने रचला. जेफ्री ऑफ मनमथने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये त्याचं सविस्तर चरित्र लिहिलं. त्यात राणीच्या प्रेमात पडणारा नाइट लान्सलॉट नाही, पवित्र ग्रेल (येशूच्या शेवटच्या भोजनातलं मानलं जाणारं पात्र) नाही, आर्थरच्या नाइटांचं गोलमेजही नाही. गोलमेज पहिल्यांदा वास या कवीच्या ११५५ च्या ग्रंथात येतं. लान्सलॉट-राणीचं प्रेम आणि ग्रेल ही क्रेत्यां द त्रुआ या फ्रेंच कवीची देणगी, आणि ग्रेलची कथा त्याने अपुरीच सोडली. दगडातली तलवार त्याच्याही नंतरची. हे सगळं एकत्र करून टॉमस मॅलरीने इंग्रजीत मोठा ग्रंथ रचला आणि कॅक्स्टनने तो १४८५ मध्ये छापला. तेव्हा ‘मूळ कथेशी प्रामाणिक’ म्हणताना कुठलं मूळ, हे आधी विचारावं लागतं. जेफ्रीला प्रमाण मानलं तर लान्सलॉटच काढून टाकावा लागेल.

आपल्याकडे ही गफलत जास्त होते, त्याला कारण आहे. मराठी प्रेक्षक शिवकालावरचे सिनेमे पाहून आलेला असतो. तिथे पत्रव्यवहार आहे, तारखा आहेत, बखरीतलं आणि कागदपत्रांतलं वेगळं करता येतं, म्हणून ‘इतिहासाला धरून आहे का’ हा प्रश्न योग्य ठरतो. आर्थरला ती फूटपट्टी लावायला कागदच नाहीत. २००४ चा ‘किंग आर्थर’ आपण दंतकथेमागचं सत्य दाखवतो असा आव आणतो. त्याने उचललेला रोमन सैन्यातल्या सरमाशियन (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या जमातीतल्या) घोडेस्वारांचा धागा एक तर्क आहे, त्यापलीकडे नाही. मला तो सिनेमा नीरस वाटतो, कारण त्याने जादू काढून टाकली आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही.

‘एल सिद’ची गोष्ट निराळी. सिद म्हणून गाजलेला स्पॅनिश सरदार रोद्रिगो दिआस हा खरा माणूस, १०९९ मध्ये व्हॅलेन्सियात वारला. काही वर्षं तो सारागोसाच्या मुस्लिम राजाच्या चाकरीत होता. १९६१ च्या सिनेमासाठी मेनेंदेस पिदाल या मोठ्या स्पॅनिश अभ्यासकाचा सल्ला घेतला होता. तरीही नायिकेच्या बापाशी द्वंद्व आणि शेवटी मृत सिदला घोड्यावर बांधून रणात पाठवणं, हे प्रसंग त्याच्यावरच्या सर्वांत जुन्या महाकाव्यात नाहीत. ते नंतरच्या दंतकथांतून आले. इथे ‘किती खरं’ विचारणं जरूर फळतं.

पुढे काय पाहावं हे तुमच्या स्वभावावर आणि सोयीवर अवलंबून आहे. एकाच सिनेमात पूर्ण आर्थर हवा असेल तर जॉन बूरमनचा ‘एक्सकॅलिबर’, १९८१ चा. मॅलरीचा प्रचंड ग्रंथ त्याने १४० मिनिटांत बसवला आहे. लोक म्हणतात, पाचव्या-सहाव्या शतकातल्या राजाच्या अंगावर पंधराव्या शतकाचं झळाळतं चिलखत कसं? पण मॅलरी पंधराव्या शतकातलाच होता, आणि त्या काळचे चित्रकारही जुन्या वीरांना आपल्याच काळाची चिलखतं घालत. बूरमनने मॅलरीच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याचं मोठं वळण ग्रेलमध्ये आहे: मॅलरीकडे ग्रेल गॅलहॅड या नाइटला लाभतो, इथे पर्सिव्हल हा दुसरा नाइट तो मिळवून खचलेल्या आर्थरला पाजतो, आणि राजा उठला तसा मुलूखही मोहरतो. राजा आणि भूमी एकच, या एका सूत्रावर सगळा सिनेमा उभा आहे.

ज्याला संथ, कोरडा सिनेमा झेपतो, त्याने रोबेर ब्रेसाँचा ‘लान्सलो द्यु लाक’ पाहावा, १९७४ चा. तो ग्रेलचा शोध फसल्यानंतर सुरू होतो, म्हणजे दिग्दर्शकाने कथेचा पराक्रमाचा भाग आधीच टाकून दिला. नट सगळे अव्यावसायिक, चेहरे निर्विकार. नाइटांच्या भाल्यांच्या स्पर्धेच्या प्रसंगात आपल्याला मुख्यतः घोड्यांचे पाय, भाले, फडफडणारी निशाणं दिसतात. आणि कानावर सतत चिलखतांचा खडखडाट. तो आवाज नीट ऐका. नाइटपणाचं वैभव शेवटी लोखंडाचं ओझं होतं, हे ब्रेसाँ संवादांतून सांगत नाही, आवाजातून सांगतो. म्हणून हा सिनेमा मी मोबाइलवर कधीही सुचवत नाही. ‘द ग्रीन नाइट’चंही तेच. दिवसाउजेडी लहान पडद्यावर त्यातले अर्धे प्रसंग काळे दिसतात. तुमच्या पहिल्या अनुभवात याचाही वाटा असू शकतो.

माझा स्वतःचा सर्वांत आवडता मात्र एरिक रोमेरचा ‘पर्सव्हाल ल गाल्वा’, १९७८ चा. स्टुडिओत रंगवलेली झाडं, जुन्या चित्रांसारखा सपाट देखावा, बाजूला गाणारं गायकवृंद, आणि पात्रं स्वतःबद्दलच ‘तो म्हणाला’ असं बोलतात. क्रेत्यांचं काव्य त्याने जवळजवळ जसंच्या तसं म्हणवून घेतलं. आमच्याकडे शहरी सिनेमाप्रेमी याला बिचकतात, पण ज्यांचं बालपण देवळातल्या कीर्तनात गेलं ते पहिल्या दहा मिनिटांत रुळतात.

मूकपटाची सवय असेल तर फ्रिट्झ लांगचा ‘डी निबेलुंगेन’, १९२४ चा, दोन भागांत. इ.स. १२०० च्या सुमाराच्या जर्मन महाकाव्यावर तो आधारला आहे. त्या काव्यात नायक सीगफ्रीडने अजगर मारल्याचं दुसऱ्या कुणाच्या तोंडून थोडक्यात कळतं. लांगने तोच प्रसंग भलामोठा यांत्रिक अजगर बांधून दाखवला. पराभूत जर्मनीला हा सिनेमा अर्पण केला होता. पुढे १९३३ मध्ये, नाझी सत्तेत आल्यावर, पहिला भाग ध्वनीची जोड देऊन पुन्हा पडद्यावर आणला गेला. दुसऱ्या भागात सूडापायी सगळं कुळ जळून जातं, तो भाग मात्र त्यांच्या सोयीचा नव्हता. दोन्ही भाग पाहिल्याशिवाय या सिनेमावर मत बनवू नका. याची पटकथा लांगची पत्नी थेआ फॉन हार्बू यांची. लांगशी घटस्फोट झाल्यावर त्यांनी गुपचूप लग्न केलं ते बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या आयी तेंडुलकरांशी, तेव्हा जर्मनीत असलेल्या एका मराठी पत्रकाराशी.

वाचनाबद्दल थोडक्यात. सिनेमाआधी सगळा ग्रंथ वाचायची गरज नाही, गोष्ट ठाऊक असणं पुरे. मॅलरी तर आधी मुळीच हाती घेऊ नका, कंटाळून सिनेमाही सोडाल. अपवाद गवेनच्या काव्याचा. ते लहान आहे, आणि सायमन आर्मिटेज यांचा २००७ चा आधुनिक इंग्रजी अनुवाद ओघवता आहे. तो वाचून ‘द ग्रीन नाइट’ रात्री, दिवे मालवून पुन्हा पाहा. लक्ष पट्ट्यावर ठेवा: कोण देतं, कधी हरवतो, पुन्हा कुणाच्या हातून येतो, कधी सुटतो. त्यानंतर ‘एक्सकॅलिबर’, मग रोमेर, आणि ब्रेसाँ त्याच्यानंतर. ब्रेसाँ काय मोडतो आहे हे कळायला आधी ते उभं असलेलं पाहिलेलं हवं.

मुलीला ‘द ग्रीन नाइट’ आणि ‘एक्सकॅलिबर’ आत्ता दाखवू नका. दोन्हींत शरीरसंबंधांची दृश्यं आहेत, आणि ‘एक्सकॅलिबर’ची सुरुवातच फसवून केलेल्या संबंधाने होते. तिच्यासोबत १९३८ चा एरॉल फ्लिनचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ पाहा, तो मोठ्यांनाही तितकाच रंगवतो. आधी तिला सांगा की सर्वांत जुन्या पोवाड्यांत रॉबिनबरोबर त्याची प्रेयसी मॅरियन नाही, आणि जुन्या मोठ्या पोवाड्यातला राजा रिचर्ड नसून एडवर्ड आहे. मग सिनेमा संपल्यावर तिलाच विचारा, मॅरियनला आणल्याने गोष्टीत काय बदललं असेल. तेरा वर्षांच्या मुली यावर बराच वेळ बोलतात, आणि तुम्ही मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही.